कापडावरील छाप आणि कापडामागील हात



कापडचोपडाची खरेदी, दुकानांच्या पाट्या आणि मालावरचे मार्के हा विषय आम्ही या व्यासपीठासाठी निवडला, तेव्हा काही स्नेह्यांनी आश्चर्य व्यक्त केले. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. साडी-सदऱ्याच्या आवडीनिवडीशी त्याला काय कर्तव्य? आमचे मत उलट आहे. आमचे शिक्षण यंत्रांच्या आवाजात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. दोन्ही ठिकाणी आम्ही शिकलो ते इतकेच की, दुकानात मांडलेल्या प्रत्येक वस्तूत कोणाचे तरी तास घातलेले असतात, आणि गिऱ्हाइकाची नजर त्या तासांवर पडू न देणे ही व्यापाराची जुनी कला आहे. तेव्हा बाजाराचा इतिहास हा कामगाराच्याही अभ्यासाचा विषय होय.

मार्का म्हणजे काय? मार्का म्हणजे हमी. विणणारा आणि नेसणारा एकाच गावात राहत होते तोवर तिची गरज नव्हती. साळी कोण, त्याचा हात कसा, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. दोघांत अंतर पडले, आणि मध्ये उभे राहून 'माल चांगला आहे, निर्धास्त घ्या' असे कोणीतरी सांगणे भाग पडले. ही हमी कोण देतो, कोणाला देतो आणि नेमकी कशाबद्दल देतो, या तीन प्रश्नांची उत्तरे काळाप्रमाणे कशी बदलत गेली, ते आज पाहावयाचे आहे.

आपल्या भागाला हा इतिहास परका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवृत्तात पैठणचा आणि तगरचा, म्हणजे आजच्या तेरचा, उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पुढे दहा दिवसांवर तगर, असे हा अज्ञात लेखक सांगतो. बिकट वाटांनी गाड्या भडोचला जात. पैठणहून अकीकाचे खडे जात आणि तगरहून साधे कापड व नाना तऱ्हेची मलमल. समुद्रापलीकडे ती मलमल अंगावर घेणाऱ्याला तेरच्या विणकराचे नाव कळण्याचा संभव नव्हता. गावाचे आणि बंदराचे नाव हाच त्या काळचा मार्का. हमी मालाच्या पोताची होती. विणणाऱ्याच्या पोटाची नव्हती.

आता आपल्या शहराकडे वळू. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. १६५३ मध्ये तिचे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर असे आहे. येथील रेशमी विणकामाची मुळे १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस आणली त्या वेळी आलेल्या कारागिरांपर्यंत नेण्याची परंपरा आहे. परंपरेचे काहीही असो, येथे तीन प्रकारचे कापड नावाजले गेले, आणि त्या तिघांत फॅशन या गोष्टीचे सारे व्याकरण सापडते.

पहिले किनखाब. रेशीम आणि जर यांचे हे वस्त्र राजदरबारचे. सामान्याने ते दुरून पाहावे. दुसरे हिमरू. याचा ताणा सुताचा आणि नक्षीचा बाणा रेशमाचा. दिसावयास किनखाबाच्या वळणाचे, पण किमतीत पुष्कळ हलके. हिमरू हा शब्द 'सारखे' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून आला असे सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे. सरदाराचे पाहून शिलेदाराने आणि शिलेदाराचे पाहून कारकुनाने करावे, या मनुष्यस्वभावावर हिमरूचा धंदा उभा राहिला. तिसरे मशरू. मशरू म्हणजे धर्मशास्त्रास मान्य असलेले. शुद्ध रेशीम पुरुषाच्या अंगाला लागू नये असा निर्बंध पाळणाऱ्या मुसलमान गिऱ्हाइकासाठी विणकराने अशी युक्ती काढली की, कापडाच्या वरच्या अंगास रेशीम दिसावे आणि आतल्या अंगास सूत लागावे. धर्म राहिला, हौसही भागली. नक्कल, ऐपत, संकोच आणि हौस यांची सांगड घालणे हे आज मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरात खात्यांचे काम मानले जाते. आमच्या विणकराने ते मागावर बसून केले होते.

परंतु जुना काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. नक्षीच्या जुन्या मागावर दोघे लागत. एक विणावयास आणि दुसरा नक्षीचे दोरे उचलून धरावयास. हा दुसरा पुष्कळदा एखादे पोरगेच असे. रेशीम आणि जर हा महाग जिन्नस. तो विकत घेण्याची विणकराची ऐपत नसे; व्यापारी तो पुरवी आणि तयार माल उचलून नेई. दरबाराला शेरवानी मिळाली, व्यापाऱ्याला नफा मिळाला, शहराला कीर्ती मिळाली. विणकराच्या वाट्याला मजुरी आली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, दरबारी पोशाखाचा काळ सरला आणि हिमरूचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. पुढे यंत्रमागावरची स्वस्त नक्कल आली. जे कापड स्वतः किनखाबाची नक्कल म्हणून जन्मास आले, त्याचीच नक्कल होऊ लागली! आज प्रवाशांना 'हिमरू' म्हणून शाली दाखवणारी दुकाने अनेक आहेत; हातमागावर हिमरू विणणारी घरे मात्र बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नाव जिवंत राहते आणि काम मरते, ही गोष्ट आपण येथे प्रथम पाहिली. ती पुढे मुंबईतही पाहावयाची आहे.

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कापड आले, आणि त्याबरोबर 'तिकीट' आले. तिकीट म्हणजे थानावर चिकटवलेले रंगीत चित्र. देवदेवता, राजे, हत्ती, वाघ अशी ही चित्रे मुद्दाम हिंदुस्थानच्या बाजारासाठी छापलेली असत. खरेदीदाराला वाचता येत नसले तरी चित्र ओळखता येई. विलायतेतील व्यापाऱ्याने आमच्याच देवाला आपल्या मालाचा जामीन केले! चित्रांची आणि मापांची लबाडी इतकी वाढली की १८८९ साली हिंदुस्थान सरकारला मालावरील खुणांसंबंधी कायदा करावा लागला, आणि थान किती वार आहे हे त्यावर छापणे आले. कायद्याने गिऱ्हाइकाला वाराची हमी दिली. वार विणणाऱ्याच्या तासांची हमी त्यात नव्हती.

त्याच १८८९ साली आपल्या शहरात सूत काढणारी व कापड विणणारी गिरणी उभी राहिली. तीत सुमारे ७०० माणसे कामाला होती. १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि सरकी काढण्याचे कारखाने निघाले. मराठवाड्याचा कापूस गाडीत बसून बाहेर जाऊ लागला आणि कापड होऊन परत येऊ लागले. येताना त्याच्यावर दुसऱ्याचा मार्का असे.

यानंतर स्वदेशीचा अध्याय येतो. सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताच्या खादीचा पोशाख करून गेले. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत, परळच्या गिरणगावात, गांधीजींच्या उपस्थितीत तशीच प्रचंड होळी पेटली. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू तिच्याखाली चिरडला गेला. बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातून आलेला गिरणी कामगार होता, हे आम्ही आग्रहाने सांगतो. बाजारातील निवड हा देशाच्या कारभारातला कौल आहे, ही गोष्ट पुस्तकी पंडितांच्या आधी एका गिरणी कामगाराने जीव देऊन सांगितली.

तथापि स्वदेशीचा प्रश्न एकच होता: माल कोठे झाला? कसा झाला, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. स्वदेशीच्या लाटेत मुंबईच्या गिरण्यांचा खप वाढला. पण खप वाढला म्हणून कामाचे तास आपोआप कमी झाले नाहीत. ते काम संघटनेने केले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि पुढे सहा वर्षांच्या खटपटीने १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. या रविवारकडे आम्हांस पुढे परत यावयाचे आहे.

'कसा झाला' हा प्रश्न धैर्याने विचारला तो चरखा संघाने. १९२५ मध्ये स्थापन झालेला हा संघ खादीच्या खरेपणाची हमी देई. सूत हाताचे आणि माग हाताचा, एवढाच आरंभी या हमीचा अर्थ होता. सूत कातणाऱ्या बायकांना मिळणारी मजुरी मात्र फारच थोडी होती. खादी स्वस्त हवी, म्हणजे खपेल, असे विक्रीचे शास्त्र सांगत होते. १९३५ साली गांधीजींच्या आग्रहाने संघाने ठराव केला की, आठ तासांचे काम हिशेबात धरून कातणारीला पोटापुरती किमान मजुरी दिलीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. खप घटेल ही भीती कार्यकर्त्यांनाही होती. आमच्या मते आपल्या देशातील मार्क्यांच्या इतिहासात याहून मोठा दिवस नाही. कापडाच्या हमीत मजुरीची हमी प्रथमच मिसळली गेली. गांधीजींच्या सर्व अर्थशास्त्राशी आमची सहमती नाही. पण हा हिशेब चोख होता.

महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये नियंत्रण आले आणि किंमत कापडावरच छापली जाऊ लागली. पुढची तीन-चार दशके गिरण्यांच्या नावांची होती. त्या काळातील आपल्याकडील खरेदीची रीत वडील मंडळींना आठवत असेल. वर्षातून दोनदा कापड घ्यावयाचे, दिवाळीला आणि लग्नसराईत. खेड्यातील कुटुंब गुलमंडीवर किंवा शहागंजात बस्ता बांधावयास येई, ते बैलगाडीने किंवा एस.टी.ने, आजीपासून नातवापर्यंत. दुकानदाराच्या गादीवर पांढरी चादर, तीवर थानामागून थान उलगडले जाई. आजी कापड चिमटीत धरून चुरगाळी, उजेडात नेऊन पाही, दोरा ओढी. आहेराचे वेगळे, मानपानाचे वेगळे, नेसणीचे वेगळे. भावाची घासाघीस होई, चहा येई, आणि राहिलेली रक्कम कापूस विकल्यावर द्यावयाची असे. ही पद्धत निर्दोष होती असे नाही. उधारीच्या वहीत अनेक घरे अडकली. पण त्या आजीच्या बोटांत परीक्षा होती. गिरणीचा शिक्का ती पाही, पण विश्वास बोटांवर ठेवी. पुढे तयार कपड्यांचा जमाना आला, शिंप्याचे माप गेले, आणि बोटांची जागा चिठ्ठीने घेतली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्याच्या यशापयशाची मीमांसा हा आजचा विषय नव्हे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न झाली. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण त्यांपैकी काहींची नावे चादरींवर आणि टॉवेलांवर जिवंत राहिली. कापड दुसरीकडून विणून येऊ लागले. कोठे यंत्रमागावर, कोठे ठेकेदाराकडे. पूर्वी गिरणी होती म्हणून नाव होते. आता नाव पुरे झाले, गिरणीची गरज उरली नाही. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. जेथे कामगार कापड विणत होते, तेथे दुसऱ्या देशात शिवलेले कपडे मांडले गेले. हिमरूच्या बाबतीत जे शतकभरात घडले, ते गिरणगावात वीस-पंचवीस वर्षांत आटोपले.

१९९१ नंतर परदेशी नावांना दारे उघडत गेली. आपल्या शहरातही २०१० साली प्रोझोन हा भव्य मॉल सुरू झाला, आणि तोही चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत! त्याच वर्षी येथील धनिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या आणि देशभर शहराचे नाव गाजले. ज्या शहराने विणलेल्या मालासाठी एकेकाळी नाव कमावले, ते आता विकत घेतलेल्या मालासाठी नाव कमावू लागले. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण मराठवाड्यात जुनीच आहे. चांगले नेसावे, मिरवावे, यात आम्हांस पाप दिसत नाही. वाळूजच्या कारखान्यातील तरुणाने पहिल्या पगारात नावाजलेल्या कंपनीचा सदरा घेतला तर त्याला हिणवणारे आम्ही कोण? ज्याला जन्मभर कोणी विचारले नाही त्याला ते चार अंगुळांचे चिन्ह प्रतिष्ठा देते. पण त्या सदऱ्याच्या किमतीत कापडाचे किती, शिलाईचे किती आणि नावाचे किती, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. नावाचा भाग मोठा आणि शिलाईचा भाग सर्वांत लहान, हे मात्र या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी शिवणाऱ्या बाईची अवस्था आहे.

ती अवस्था जगाने २४ एप्रिल २०१३ रोजी पाहिली. बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरील बँक व दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या मजल्यांवरील शिवणकामगारांना मात्र कामावर चढवण्यात आले. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतील प्रसिद्ध नावांच्या चिठ्ठ्या सापडल्या. त्याच्या एक शतक आधी, २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका शिवणकारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले. तेव्हा बाहेर पडण्याचे दार कुलूपबंद होते. शंभर वर्षांत कारखाना एका खंडातून दुसऱ्या खंडात गेला. मरणाऱ्यांत तरुण मुलीच अधिक, ही गोष्ट बदलली नाही.

यावर गिऱ्हाइकाने काय करावे? अमेरिकेत १८९९ मध्ये ग्राहकांची राष्ट्रीय संघटना निघाली आणि तिने 'पांढरी चिठ्ठी' काढली. बायकामुलांचे आतले कपडे शिवणारा जो कारखाना कायदा पाळील आणि मुलांना राबवणार नाही, त्याच्याच मालावर ही चिठ्ठी. म्हणजे मार्का हे हत्यार दोन्ही बाजूंनी चालते. तो तास लपवू शकतो, तसे उघडही करू शकतो. चरखा संघाची खादी आणि ही पांढरी चिठ्ठी, दोन्ही एकाच जातीच्या.

परदेशातील कारखाना लांब आहे, असे कोणी म्हणेल. मग शेजारच्या दुकानात पाहू. कापडदुकानांतील नोकरांच्या बैठका आम्ही अनेक वर्षे घेत आलो आहोत. त्या रात्री दहानंतरच भरू शकतात. तेथे मुली सांगतात की, दादा, दिवसभर उभे राहून पाय सुजतात. दुकानात स्टूल असते, पण ते गिऱ्हाइकासाठी. विलायतेत दुकानातील स्त्रियांना बसावयास जागा द्यावी असा कायदा १८९९ मध्येच झाला होता. आपल्याकडे केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातील कामगाराला बसण्याचा हक्क कायद्याने दिला; केरळात त्यासाठी कापडदुकानांतील बायकांनाच झगडावे लागले. महाराष्ट्रात १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१७ मध्ये नवा दुकाने कायदा आला. त्याने सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली आणि प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याचे बंधनही घातले. मुभा सर्वत्र पाळली जाते. बंधनाबद्दल तसे म्हणता येत नाही. लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारी कारखान्यातील कामगार सहकुटुंब खरेदीला निघतो, आणि त्याच रविवारी दुकानातील त्याच्या भावाबहिणीला रजा मागण्याचीही सोय नसते. एकाची सुट्टी दुसऱ्याची वेठ झाली. यात खरेदीला जाणाऱ्याचा दोष नाही. पण त्याच्या लक्षात ही गोष्ट यावी, एवढी अपेक्षा वावगी नव्हे.

शेवटी पुन्हा पैठणला येऊ. २०१० साली पैठणीला भौगोलिक चिन्हांकन मिळाले. गावाचे नाव हाच मार्का, हे जुने तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले. हातमागाच्या मालासाठी २००६ पासून केंद्र सरकारची वेगळी खूणही आहे. हे चांगले झाले. तरी यंत्रावर काढलेली नक्कल 'पैठणी' म्हणून सर्रास विकली जाते, आणि तिचे ठसठशीत मोर पाहून गिऱ्हाईक भुलते. खऱ्या पैठणीचा पदर उलटून पाहावा. दोरा दोऱ्यात अडकवून विणलेली ती नक्षी दोन्ही अंगांनी सारखी दिसते; नकलेच्या मागे सुटे दोरे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. त्या एका पदरावर विणकराचे कित्येक दिवस, कधी महिने जातात. ती स्वस्त मिळत असेल तर दोनपैकी एक गोष्ट खरी: एकतर ती पैठणी नव्हे, किंवा विणणाऱ्याला पुरी मजुरी मिळालेली नाही.

आम्ही कोणाला बहिष्कार घालावयास सांगत नाही. नवे कपडे घेऊ नका, असा उपदेश करण्याइतके आम्ही साधू नाही. येत्या लग्नसराईत बस्ता बांधताना दुकानदाराला तीन गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. हे कोठे झाले? कोणी केले, आणि त्याला काय पडले? आणि तुमच्या दुकानातील या पोरीला सुट्टी कोणत्या दिवशी असते, तिला बसावयास जागा आहे काय? पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला विचारील. शंभरांनी विचारले तर एखादे स्टूल गल्ल्यामागून पुढे येईल. चळवळीत आम्ही इतक्या लहान पावलांनीच चालत आलो आहोत. आजीच्या बोटांना पोत कळत होता. आता गिऱ्हाइकाच्या जिभेला प्रश्न विचारण्याची सवय लागली, म्हणजे कापडावरच्या छापेत त्यामागच्या हातालाही जागा मिळेल.